आयटीआयमधून इंजिनिअरिंगच्या पदवीपर्यंत: वाट कशी जाते आणि कुठे अडते

दहावीनंतर मुलाने आयटीआयला प्रवेश घेतला की घरात आणि गावात एक समज पक्का होऊन बसतो. आता हा फिटर होणार, कंपनीत लागणार, शिक्षण इथंच संपलं. मुलगाही तेच ऐकत राहतो आणि दोन वर्षांनी पुढचं शिकायची चौकशीसुद्धा करत नाही. वस्तुस्थिती वेगळी आहे. महाराष्ट्रात आयटीआयमधून डिप्लोमाला आणि डिप्लोमातून इंजिनिअरिंगच्या पदवीला जाता येतं. ही मागच्या दाराची सोय नाही. दोन्ही ठिकाणचे प्रवेश सरकारी प्रवेश प्रक्रियेतून, गुणवत्ता यादीने होतात. त्यासाठी बारावी सायन्स लागत नाही आणि सीईटीही द्यावी लागत नाही.

पालकांचा पहिला प्रश्न असतो, किती वर्षं जातील? अकरावी-बारावीची दोन आणि इंजिनिअरिंगची चार, झाली सहा. दहावीनंतर थेट पॉलिटेक्निकला गेलं तर डिप्लोमाची तीन आणि पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळतो म्हणून पुढची तीन, तीही सहाच. आणि आयटीआयची दोन, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळाल्याने दोन, पदवीची तीन, असं धरलं तर सात. म्हणजे आयटीआयवाल्याला जास्तीचं एकच वर्ष लागतं. त्या वर्षाच्या बदल्यात त्याच्याकडे वाटेतच दोन अशी प्रमाणपत्रं जमा होतात ज्यांच्यावर नोकरी लागते: एक ट्रेडचं, दुसरं डिप्लोमाचं. घरची परिस्थिती मध्येच बिघडली आणि शिक्षण थांबवावं लागलं, तर बारावीनंतर इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलाच्या हातात फक्त बारावीचा निकाल उरतो. आयटीआयवाल्याचं तसं होत नाही. ज्या घरात पुढच्या वर्षीच्या फीची आज खात्री देता येत नाही, तिथे हा फरक फार मोठा आहे.

ट्रेड निवडतानाच पुढचा विचार

सगळ्यात महागात पडणारी चूक अगदी सुरुवातीला होते. डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी दहावी आणि त्यानंतर दोन वर्षांचा आयटीआय लागतो. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत. वेल्डर एक वर्षाचा. वेल्डरला काम भरपूर आहे, चांगला वेल्डर कधी रिकामा बसत नाही. पण एक वर्षाच्या ट्रेडवर थेट दुसरं वर्ष मिळत नाही. त्या मुलाला दहावीच्या गुणांवर डिप्लोमाच्या पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागते. पुढे शिकायचं थोडंही मनात असेल तर दहावीचा निकाल हातात असतानाच ट्रेडचा कालावधी बघून घ्या.

दुसरी गोष्ट, ट्रेड आणि डिप्लोमाची शाखा जुळावी लागते. फिटर, टर्नरवाल्याला मेकॅनिकल, इलेक्ट्रिशियनला इलेक्ट्रिकल, असा साधा हिशेब असतो. बाकी ट्रेडसाठी तंत्रशिक्षण संचालनालयाची त्या वर्षीची माहिती पुस्तिका उघडून कोणत्या ट्रेडला कोणती शाखा चालते ते तपासायचं. मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका, नियम दरवर्षी थोडेफार बदलतात.

आयटीआय झाल्यावर काही मुलं आधी अ‍ॅप्रेंटिसशिप करतात. वर्षभर स्टायपेंड मिळतो आणि कारखान्याची शिस्त अंगी लागते. माझं मत विचाराल तर घरी पैशांची गरज असेल तर जरूर करावी. नसेल तर आधी डिप्लोमा, कारण वर्षभर पुस्तकाला हात लागला नाही की गणित आणखी मागे पडतं. आणि या सगळ्या प्रवासात खरी अडचण गणिताचीच आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर.

डिप्लोमातून पदवीला

महाराष्ट्रात डिप्लोमाचा अभ्यासक्रम आणि परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेतं. मुलं त्याला एमएसबीटीई म्हणूनच ओळखतात. डिप्लोमा झाला की पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाचे, म्हणजे डीएसईचे, प्रवेश राज्याचा सीईटी सेल करतो. नावात सीईटी आहे म्हणून घाबरू नका, डीएसईला प्रवेश परीक्षा नाही. डिप्लोमाच्या गुणांवरून गुणवत्ता यादी लागते. पात्रतेला ४५ टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गातल्या राज्यातल्या विद्यार्थ्यांना ४० टक्के. आयटीआयनंतर दोन वर्षांतच डिप्लोमा पूर्ण केलेला मुलगाही यात पूर्णपणे पात्र असतो.

जागा येतात कुठून? प्रत्येक शाखेच्या मंजूर जागांच्या वर काही टक्के जागा थेट दुसऱ्या वर्षासाठी ठेवलेल्या असतात, शिवाय पहिल्या वर्षात रिकाम्या राहिलेल्या जागा त्यात मिळवतात. त्यामुळे नावाजलेल्या सरकारी कॉलेजात डीएसईच्या जागा थोड्या असतात आणि तिथली यादी फार वर बंद होते. पण जागा तिथेही असतात. माटुंग्याचं व्हीजेटीआय किंवा पुण्याचं सीओईपी ही फक्त बारावीवाल्यांची कॉलेजं आहेत, असं समजून पर्याय अर्जात (कॉलेजं पसंतीच्या क्रमाने लिहायच्या अर्जात) त्यांचं नावच न टाकणारी हुशार मुलं दिसतात तेव्हा वाईट वाटतं. नाव टाकायला काही लागत नाही.

पर्याय अर्जाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. तुम्ही पहिल्या क्रमांकावर लिहिलेलं कॉलेज मिळालं की ती जागा आपोआप फ्रीझ होते, पुढच्या फेरीत बदल करता येत नाही. म्हणून पहिल्या क्रमांकावर 'मिळेल असं' नव्हे, तर 'हवं असं' कॉलेज लिहा. पहिल्या फेरीत खालचा क्रमांक मिळाला तर तो स्वीकारून पुढच्या फेरीसाठी बेटरमेंट मागता येतं.

शाखा बदलण्याची मुभाही आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून कॉम्प्युटरच्या पदवीला जाणारे आता बरेच असतात. नियमात बसतं म्हणून ते सोपं आहे असं नाही. दुसऱ्या वर्षात डेटा स्ट्रक्चर सुरू होतं तेव्हा वर्गातल्या बाकीच्यांनी प्रोग्रामिंग आधी केलेलं असतं. ही उडी मारायचीच असेल तर डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षातच एखादी भाषा हाताखालून घाला.

खरी अडचण: मध्ये गळलेलं गणित

आता हा आकडेमोडीचा नव्हे, तर अभ्यासक्रमांच्या जोडणीचा प्रश्न नीट समजून घेऊ. आयटीआयमध्ये 'वर्कशॉप कॅल्क्युलेशन अँड सायन्स' नावाचा विषय असतो. त्यात गुणोत्तर, क्षेत्रफळ, घनफळ, वजन, थोडी त्रिकोणमिती येते. कामाला लागतं तेवढं गणित. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन शिकवतात. थेट दुसऱ्या वर्षात आलेल्या आयटीआयच्या मुलाचं नेमकं तेच वर्ष सुटलेलं असतं. पुढे तो पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात जातो, म्हणजे पदवीचंही पहिलं वर्ष सुटतं. त्या वर्षात मॅट्रिक्स, पार्शल डिफरन्सिएशन, डिफरन्शियल इक्वेशन झालेली असतात. आणि तिसऱ्या सेमिस्टरला समोर येतो एम-३, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर: लाप्लास ट्रान्सफॉर्म, फूरिए. ज्याच्या आधारावर हे उभं आहे ती दोन वर्षं त्याने वर्गात कधी बसून शिकलेलीच नाहीत. तो नापास झाला की लोक म्हणतात, आयटीआयची पोरं गणितात कच्ची असतात. पोरं कच्ची नसतात, त्यांना ते शिकवलेलंच नसतं.

हे किती जवळचं आणि तरी किती लांबचं वाटतं, ते एका उदाहरणात बघू. चार मीटर लांबीचा बीम दोन टोकांवर टेकवलाय आणि त्याच्यावर दर मीटरला २ किलोन्यूटन भार सारखा पसरलाय. बीम सगळ्यात जास्त कुठे वाकवला जाईल? शॉपफ्लोअरवर काम केलेला मुलगा विचारायच्या आत सांगतो, मधोमध. बरोबर आहे. आता तेच कागदावर. एकूण भार ८, म्हणून प्रत्येक टोकाचा आधार ४ किलोन्यूटन. डाव्या टोकापासून क्ष अंतरावर बेंडिंग मोमेंट, म्हणजे बीम वाकवणारा परिणाम, होतो ४क्ष − क्ष². तो सर्वाधिक कुठे आहे हे काढायला त्याचा डेरिव्हेटिव्ह घ्यायचा, ४ − २क्ष, आणि तो शून्य मानायचा. क्ष आलं २ मीटर. म्हणजे मधोमधच. तिथला मोमेंट ८ − ४, म्हणजे ४ किलोन्यूटन-मीटर.

उत्तर त्या मुलाला आधीच माहीत होतं. अडला तो 'डेरिव्हेटिव्ह घ्यायचा' या दोन शब्दांवर. क्ष जसजसा बदलतो तसा मोमेंट किती वेगाने बदलतो, एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि शिखरावर तो बदल थांबतो म्हणून शून्य. हे एकदा कुणी बसून समजावलं की डोळ्यांत फरक दिसतो. मग भार एका बाजूला जास्त ठेवला तर 'मधोमध' हे अंदाजाचं उत्तर चुकतं आणि गणित बरोबर जागा दाखवतं, तेव्हा त्याला गणिताची गरजही पटते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मशीन ड्रॉइंगच्या तासाला हीच मुलं बाकीच्यांना शिकवतात. बारावीहून आलेल्या मुलाने मायक्रोमीटर चित्रात पाहिलेला असतो, आयटीआयच्या मुलाने त्याच्यावर मिलिमीटरचा शंभरावा भाग रोज वाचलेला असतो. फिट कोणता घट्ट आणि कोणता सैल हे त्याला पाठ करावं लागत नाही, त्याने तो बसवलेला असतो. त्यामुळे गणिताची पोकळी भरली तर पदवीत हा मुलगा मागे राहत नाही, बऱ्याचदा पुढेच जातो.

मग पोकळी भरायची कधी? प्रवेश झाल्यावर नाही. डीएसईच्या प्रवेशफेऱ्या डिप्लोमाच्या निकालानंतर सुरू होतात आणि लांबतात. मूल कॉलेजात पोहोचतं तेव्हा तिसरं सेमिस्टर सुरू होऊन काही आठवडे झालेले असतात, आणि पहिली चाचणी तोंडावर असते. नव्या वसतिगृहात, नव्या गावात, लाप्लास ट्रान्सफॉर्मच्या मध्यात बसून मागचं कॅल्क्युलस शिकणं कुणालाच जमत नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एआयसीटीईने, थेट प्रवेशाच्या विद्यार्थ्यांसाठी ब्रिज कोर्स घ्यावेत असं सांगितलेलं आहे. तुमच्या कॉलेजात तो होतो का, हे प्रवेशाच्या वेळी स्पष्ट विचारा. पण त्याच्या भरवशावर राहू नका.

योग्य वेळ दोनदा येते. पहिली, आयटीआयची शेवटची परीक्षा आणि डिप्लोमाचा प्रवेश यांच्यामधली. दुसरी, डिप्लोमाचं शेवटचं सेमिस्टर संपल्यापासून डीएसईची यादी लागेपर्यंतची. पहिल्या सुट्टीत डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचं गणिताचं पुस्तक आणायचं आणि फक्त तीन गोष्टी करायच्या: त्रिकोणमितीची सूत्रं, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन. दुसऱ्या सुट्टीत पदवीच्या पहिल्या वर्षातलं पार्शल डिफरन्सिएशन आणि साधी डिफरन्शियल इक्वेशन. एवढं केलं तर एम-३मध्ये पास होता येतं. एआयसीटीईच्या ई-कुंभ या संकेतस्थळावर डिप्लोमा आणि पदवीची काही पुस्तकं मराठीतून मोफत मिळतात, ती अशा वेळी फार कामाला येतात. कल्पना मराठीत समजून घ्यायची आणि इंग्रजी संज्ञा सोबत पाठ करायच्या, म्हणजे वर्गात गोंधळ होत नाही.

पैसे आणि कागद

फीच्या बाबतीत एकच वाक्य लक्षात ठेवलं तरी पुरे: प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच, घ्या. शासनाच्या बहुतेक सवलती कॅपमधून आलेल्यांनाच मिळतात, मॅनेजमेंट कोट्याला नाही. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत खुल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्याला निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. २०२४-२५ पासून याच उत्पन्न मर्यादेत ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आयटीआय झालेल्या मुलीच्या घरी हे आवर्जून सांगा. 'मुलीला अजून किती शिकवायचं' या प्रश्नामागे बऱ्याचदा फीचीच काळजी असते. अर्ज शासनाच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर करायचा.

कागदांमध्ये दोन ठिकाणी मुलं अडकतात. एक, जात वैधता प्रमाणपत्र. डिप्लोमाला असतानाच जात पडताळणी समितीकडे अर्ज टाका. यादी लागल्यावर धावपळ केली तर राखीव जागा हातची जाते. दुसरं, नॉन-क्रिमीलेअर. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे जुनं प्रमाणपत्र असूनही चालत नाही, त्या वर्षात वैध असलेलं लागतं. मध्ये नोकरी किंवा अ‍ॅप्रेंटिसशिप केली असेल तर त्या काळाचं गॅप सर्टिफिकेटही आधीच करून ठेवा.

इंजिनिअरिंगच हवं असं नाही

प्रत्येकाला बी.टेक.च करायचं नसतं. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत भाषा विषय देऊन बारावीची समकक्षता मिळवता येते. आयटीआयचे गुण त्यात 'ट्रान्स्फर ऑफ क्रेडिट'ने धरले जातात. ही बारावी सायन्सची नव्हे, त्यामुळे तिच्यावर सीईटी देऊन इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला जाता येणार नाही. पण नोकरी सांभाळून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूमधून बी.ए., बी.कॉम. करून स्पर्धा परीक्षेला बसायचं असेल तर तिचा चांगला उपयोग होतो.

दुसरा पर्याय बी.व्होक., म्हणजे बॅचलर ऑफ व्होकेशन. विद्यापीठ अनुदान आयोगाने ही पदवी २०१४ मध्ये आणली. तीन वर्षांची, त्यातला साठ टक्के भाग कौशल्याचा आणि चाळीस टक्के सामान्य शिक्षणाचा. पहिल्या वर्षानंतर थांबलात तर डिप्लोमा, दुसऱ्यानंतर अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा, तिसऱ्यानंतर पदवी. 'कोणत्याही शाखेची पदवी' मागणाऱ्या परीक्षांना ती चालते. मात्र जिथे जाहिरातीत इंजिनिअरिंगची पदवी मागितली आहे तिथे बी.व्होक. चालत नाही, आणि हे प्रवेश घेतानाच माहीत असायला हवं.

फार्मसी आणि नर्सिंगमध्येही अशीच सोय आहे. डी.फार्म. झालेला विद्यार्थी बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला जातो. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा झालेली परिचारिका दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करून पदवीधर होते.

अलीकडे क्रेडिटची भाषा सगळीकडे ऐकू येते, तीही थोडक्यात. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाचा अभ्यास १,२०० तास आणि ४० क्रेडिट असा धरलाय, म्हणजे एका क्रेडिटला ३० तास. वर्कशॉपमधले तासही त्यात मोजायचे आणि ते विद्यार्थ्याच्या नावे अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा करायचे, अशी कल्पना आहे. कल्पना उत्तम आहे. पण खात्यावर क्रेडिट आहेत म्हणून कुठलंही कॉलेज ते आपोआप धरत नाही, पुढची संस्था आणि तिचे नियम ठरवतात. तोवर प्रवेशासाठी वर सांगितलेला जुना रस्ताच खात्रीचा आहे.

नोकरी करत असाल तर

डिप्लोमा करून कंपनीत लागलेल्या मुलांना हमखास दोन सल्ले मिळतात. 'घरबसल्या दूरस्थ बी.टेक. कर' हा पहिला. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये अभिमत विद्यापीठांनी परवानगीशिवाय दूरस्थ पद्धतीने दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्या बेकायदा ठरवल्या. बढतीच्या आशेने पैसे भरलेल्यांचे फार हाल झाले. आजही कुणी 'फक्त परीक्षेला या' म्हणत असेल तर तिथून परत फिरा. दुसरा सल्ला एएमआयईचा, म्हणजे इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या परीक्षेचा, बहुधा एखाद्या वडीलधाऱ्या सुपरवायझरचा. त्यांच्या काळी तो रास्त होता. पण केंद्र सरकारची पदवी-समकक्षता ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी झालेल्यांपुरती आहे, हे त्यांनाही बहुतेक माहीत नसतं.

आता नियमित आणि मान्य असा मार्ग आहे. एआयसीटीईने २०२३-२४ पासून नोकरदारांसाठी बी.टेक.च्या स्वतंत्र तुकड्यांना परवानगी दिली. डिप्लोमा, किमान एक वर्षाचा कामाचा अनुभव आणि नोकरीचं ठिकाण कॉलेजपासून ठराविक अंतरात, या मुख्य अटी. वर्ग संध्याकाळी किंवा सोयीच्या वेळेत होतात आणि प्रवेश दुसऱ्या वर्षातच मिळतो. अर्ज करण्याआधी मालकाकडून ना-हरकत आणि अनुभवाचा दाखला घ्या, आणि शिफ्टबद्दल सुपरवायझरशी बोलून ठेवा. फिरत्या शिफ्टमध्ये संध्याकाळचं कॉलेज निभत नाही. पहिली किंवा जनरल शिफ्ट निदान सेमिस्टर संपेपर्यंत कायम मिळेल का, हे लेखी नसलं तरी स्पष्ट शब्दांत विचारून घ्या, आणि मगच फी भरा.